केसपेपर

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
ओरोसला संजोगची सुई असते.
पहिल्या खेपेला डॉक्टर गवाणकरांनी विचारलं होतं,
'कधी काही ओढायचास?'
माझ्याकडे न बघता तो म्हणाला,
'होय. गांजो. दोन सीझन.'
'सोडून किती झाली?'
'पाच वर्सां.'
त्यांनी निळ्या पेनाने लिहिलं: पाच,
आणि पुढे एक आडवी रेघ.

कोणाबरोबर, असा रकाना केसपेपरवर नसतो.

तारकर्लीला तो पर्यटकांना पाण्याखाली न्यायचा,
पोट धरून वर आलेल्यांना लिंबू द्यायचा.
एका टोळक्याने जाताना बक्षिशीसोबत पुडी ठेवली,
वर्तमानपत्रात बांधलेली, शेंगदाण्यांसारखी.
ती आम्ही सुरूच्या बनात सोडली,
पालथ्या घातलेल्या होडीच्या आडोशाला.
मी बारावीत होते.
आधी माझ्यापुढे धरायचा, मग स्वतः.
'अर्धो तुझो,' म्हणायचा.
एकदा एक कुर्ली आडवी चालत गेली
आणि आम्ही तासभर
तिच्या चालण्यावर हसत राहिलो.
खरं सांगायचं तर तितकं मी
पुन्हा कधी हसले नाही.

मग मी नर्सिंगला कुडाळला गेले.
त्यानेही सोडली, कोणी न सांगता,
मिशी काढून टाकावी तशी.
पाच वर्षं काही नाही.
मग नारळी पुनवेनंतर होड्या समुद्रात गेल्या
त्या आठवड्यात त्याने वायरलेसची वायर कापली.
म्हणाला, सगळे तांडेल माझंच बोलतात,
देवगडपासून पार पणजीपर्यंत,
आणि हसतात.

आईने कौल लावला.
ओली कळी उजवीकडून पडली:
बाहेरचं आहे.
बाबा म्हणाले, बाहेरचं म्हणजे ती पुडीच.
सगळ्यांना जरा बरं वाटलं.

पण न्हानूमामा?
विडीचा वास आला तरी उठून जायचा तो.
आणि चाळिशी उलटल्यावर रोज तिन्हीसांजेला
विहिरीच्या काठावर वाकून बोलायचा,
मध्ये थांबायचा, उत्तरापुरता.
त्याला आमच्यात कोणी हिशेबात धरत नाही.
'मामा भोळो होतो.'

'एकच सांगा डॉक्टर,' आई म्हणाली,
'त्या गांजान झाला की नाय?'

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
गांजाने धोका वाढतो, म्हणाल्या.
कोवळ्या वयात ओढला तर जास्त,
रक्ताच्या नात्यात कोणाला असेल तर आणखी.
पण ह्याला त्यानेच झालं,
असं बोट ठेवून मला सांगता येणार नाही.
न ओढताही झालं असतं, कदाचित.

कदाचित.
असला कौल आईने कधी पाहिला नव्हता.
ना उजवी, ना डावी,
कळी आपली पाषाणाला चिकटून.

मी तिथेच बसले होते, ट्रेशेजारी.
तोच मामा, तोच धूर.
माझा केसपेपर कोणी काढलाच नाही.

रात्रपाळीला सगळे पेशंट झोपले
की मी आवाज मोजते.
फ्रीज. पंखा. आठ नंबरच्या आजोबांची घरघर.
मोजून झाले की पुन्हा मोजते.
एकही जादा निघत नाही.

परवा कसालच्या स्टँडवर
त्याने अचानक विचारलं,
'तुका पण आयकाक येता काय गो?'
'नाय रे.'
तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला,
खोटं तर नाही ना, ते पारखत.
मग म्हणाला, 'बरा झाला.
सगळा माझ्याच वाट्याक इला.'

गाडीला उशीर होता.
त्याने खाजाचं पाकीट घेतलं
आणि एकट्यानेच खात बसला.
सुईने भूक लागते, हे मला माहीत आहे,
पेशंटांच्या घरच्यांना मीच समजावते.
तरी हात पुढे केला.
त्याने तळाची भुकटी माझ्या हातावर झटकली.
आलं झोंबत राहिलं
पार कट्ट्यापर्यंत.